भाच्याचा हवाई तळ

सिंगापूरहून परत येऊन दोन महिने झाले, तरी कॉलनीतले लोक अजून विचारतात, "काय काय पाहिलंत?" त्यांना समुद्रकाठची उंच हॉटेलं, सिंहाच्या तोंडाचा पुतळा, काचेच्या छताखालच्या बागा यांबद्दल ऐकायचं असतं. त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. बारा दिवसांत मी बेडोक नावाच्या वस्तीतला नवव्या मजल्यावरचा एक फ्लॅट पाहिला, एक हवाई तळ पाहिला, आणि लोक शेवटचे दिवस काढायला जातात ती एक अतिशय स्वच्छ इमारत पाहिली. जे पाहिलं तेच लिहितो आहे.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन आणि विजेचं काम वगळून विमानाचं जे उरतं, म्हणजे सांगाडा, चाकं, ब्रेक, पंखांचे हलणारे भाग, ते आमच्या ताब्यात असे. एकवीस वर्षं ते काम केलं आणि नाशिकला येऊन स्थायिक झालो. माझी धाकटी बहीण सुलभा, म्हणजे सुलू, लग्न होऊन सिंगापूरला गेली. तिचे यजमान मरीन इंजिनिअर होते. एकच मुलगा, कौस्तुभ.

कौस्तुभ अठरा वर्षांचा झाला तेव्हा सुलूचा फोन आला. तिथे राहायचं तर मुलाला दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. नको असेल तर आत्ताच सगळं सोडून त्याला पुण्याला पाठवावं लागेल. "दादा, तू सैन्यातला माणूस, तू सांग काय करू," ती म्हणाली. मी सांगितलं, "माझा भाचा दुसऱ्याच्या झेंड्याला सलाम ठोकणार असेल, तर मला पुन्हा फोन करू नकोस." तिने मुलाला तिथेच ठेवलं. त्यानंतर दर वर्षी तिची राखी पोस्टाने येत राहिली. मी ती बांधत राहिलो आणि चार ओळींचं पत्र पाठवत राहिलो. फोनवर बोलणं म्हणजे कुणी गेलं किंवा कुणाचं लग्न ठरलं तर. मध्यंतरी भाऊजी वारले, तेव्हाही मी गेलो नाही.

या वर्षी मात्र फोन कौस्तुभचा आला. "मामा, आईला पँक्रिआजचा कॅन्सर आहे. ट्रीटमेंट थांबवली आहे. तुम्हाला यायचं असेल तर आता या."

बेडोक

चांगी विमानतळावर कौस्तुभ घ्यायला आला होता. लहानपणी कडेवर घेतलेला मुलगा आता छत्तिशीचा, डोक्यावर विरळ केस असलेला गृहस्थ झाला होता. तो अर्धवट वाकला, मीही अर्धवट त्याला उठवलं, आणि आम्ही टॅक्सीत बसलो.

दाराची चौकट धरून सुलू उभी होती. मधल्या वर्षांत मी तिला फोटोतच पाहिलं होतं. माणूस किती उरलं आहे ते फोटोत कळत नाही.

"दादा, वाळलास रे," ती म्हणाली. तिचं स्वतःचं वजन चाळीस किलोही नसेल.

बेडोकमधल्या सरकारी इमारती एकसारख्या आहेत. तोच रंग, तीच लिफ्ट, तोच लांब व्हरांडा, त्यावर वाळत घातलेले कपडे. दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरून पाव घेऊन येताना शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरलो, नवव्या मजल्यावर गेलो आणि परक्या दाराच्या कुलपाशी झटत बसलो. दार आतून उघडलं. माझ्याच वयाचा एक चिनी माणूस बनियनवर उभा होता. मागे टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्याने माझ्या हातातली किल्ली पाहिली, पिशवी पाहिली आणि व्हरांड्यातून शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवलं. असं त्याच्याकडे नेहमीच कुणीतरी येत असावं. मी सॉरी म्हणून निघालो, तर तो लिफ्ट येईपर्यंत दारात उभा राहिला. मी गेल्यावर त्याच्याशी बोलायला कुणी असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं.

प्रत्येक इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. लग्न तिथेच आणि मयतही तिथेच. मी गेलो त्या आठवड्यात आमच्या खाली एका चिनी बाईची शवपेटी ठेवली होती. पांढरे पडदे, गोल टेबलं, त्यांवर शेंगदाण्याच्या बशा आणि थंड पेयांची खोकी, आणि पाळीपाळीने बसणारे नातेवाईक. असं पाच दिवस. शेजारपाजारचे लोक भाजीच्या पिशव्या घेऊन बाजूने जात होते. आपल्याकडे दोन-चार तासांत घाई करून नेतात. इथे माणूस गेल्यावरही पाच-पाच दिवस घराखालीच असतो. मला ते बघवेना. सुलूला त्याचं काही वाटत नव्हतं. ती खिडकीशी खुर्ची लावून वरून बघत बसायची.

"मला असलं काही नको," ती म्हणाली. "इथलं स्मशान मंडाईला आहे. पुण्यात आपण रोज मंडईत जायचो, इथे मंडाईला एकदाच जायचं."

मी हसलो नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हस की रे. मी चार महिने राखून ठेवलाय हा जोक. कौस्तुभला कळत नाही आणि रोहानाला मंडई माहीत नाही."

रोहाना म्हणजे समोरच्या दारातली मलय बाई. वय साठीच्या आसपास, डोक्यावर कायम रुमाल बांधलेला. दिवसातून तीनदा येऊन सुलूला उठवणं, बसवणं, पाठ पुसणं हे सगळं ती करायची. दोघी इंग्रजीत बोलायच्या, पण त्यात एक मलय शब्द आणि एक मराठी शब्द असायचाच. "सुलू, नो चिडचिड टुडे, हां," असं रोहाना म्हणाली तेव्हा मी चमकलोच.

दुपारी विमानं जायची. पहिल्याच दिवशी जेवताना आवाज आला आणि मी हातातला घास तसाच धरून थांबलो. लढाऊ विमान, एकच इंजिन, मागे लगोलग दुसरं. मी सवयीने सेकंद मोजले.

"ती रोज जातात," सुलू म्हणाली. "तळ इथून जवळच आहे. कौस्तुभ तिथेच जातो."

त्या आठवड्यात कौस्तुभला सैन्याचं बोलावणं आलेलं होतं. सक्तीची दोन वर्षं संपली म्हणजे तिथे सुटका होत नाही. पुढे चाळिशीपर्यंत माणूस राखीव दलात राहतो, आणि बहुतेक वर्षी एक-दोन आठवडे गणवेश घालून हजर व्हावं लागतं. लोक त्याला नुसतं 'रिझर्व्हिस्ट' म्हणतात. एरवी कौस्तुभ हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कंटेनरचं वेळापत्रक बघतो. त्या पंधरवड्यात मात्र तो पहाटे हिरवट ठिपक्यांचा गणवेश चढवून, बूट हातात घेऊन, आईची झोप मोडू नये म्हणून अनवाणी दाराबाहेर जायचा. ती जागीच असायची.

"आई आजारी आहे म्हणून पुढे ढकलून मागता आलं नसतं का?" मी तिला विचारलं.

"आलं असतं. मीच नको म्हटलं. आत्ता सुट्टी मागून संपवली तर मी गेल्यावर काय मागेल?"

शनिवारी तळावर कुटुंबीयांसाठी खुला दिवस होता. कौस्तुभने दोन नावं नोंदवली होती, आईचं आणि माझं. सुलूला जाणं शक्यच नव्हतं. मीही जाणार नव्हतो. एक तर मी परक्या देशाचा निवृत्त सैनिक, आणि शिवाय कोणत्या तोंडाने जाणार? सुलू मात्र हट्टाला पेटली. तिने दोन दिवस तेच लावून धरलं.

"तू जा. बघून ये आणि मला सांग. तो काय करतो तिथे, मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. तुला कळेल."

शेवटी मी हो म्हणालो. त्या हट्टामागे दुसरं काही असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही.

तळावर

फाटकाशी पासपोर्ट तपासला, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं आणि आम्हाला बसमध्ये बसवलं. बसमध्ये आजी-आजोबा, बायका, बाबागाडीतली पोरं. जत्रेला निघाल्यासारखं वातावरण होतं. बस आत वळली आणि मला ओळखीच्या गोष्टी दिसू लागल्या. मातीचे उतार चढवलेले हँगर. काटेकोर कापलेलं गवत. वाऱ्याची दिशा दाखवणारा पांढरा-लाल कापडी मोजा. जगात कुठेही जा, हवाई तळाचा वास तोच. जळलेलं रॉकेल, तापलेलं रबर आणि हायड्रॉलिक तेल. तो वास नाकात गेल्यावर मला एकदम पंचविशीतला मी आठवलो, आणि का कोण जाणे, खूप उदास वाटलं.

पाहुण्यांसाठी तीन विमानं उभी केली होती. एक लढाऊ एफ-सोळा, एक चार पंख्यांचं मालवाहू हर्क्युलिस, आणि दोन टोकांना दोन पंखे असलेलं मोठं चिनूक हेलिकॉप्टर. प्रत्येकापुढे त्या त्या तुकडीची माणसं उभी होती. लढाऊ स्क्वाड्रनची माणसं जरा ताठ, मालवाहूवाली थोडी पोट सुटलेली आणि हसरी. आमच्याकडेही अगदी असंच असायचं. लोक कॉकपिटमध्ये डोकावायला रांगा लावत होते. मी मात्र हर्क्युलिसच्या पोटाखाली गेलो आणि चाकांची खोबण बघत उभा राहिलो.

तिथली मेकॅनिक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. तिच्याशेजारी अवजारांचा ट्रे होता. काळ्या फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा कापलेली, म्हणजे एक जरी पाना कमी पडला तरी रिकामी जागा ओरडून सांगेल. आमच्याकडे लाकडी फळीवर रंगाने आकृत्या काढलेल्या असत.

मी खाली बघत होतो तेव्हा चाकापासून हातभर अंतरावर एक छोटा खडा दिसला. असा खडा इंजिनात ओढला जाऊ शकतो, म्हणून मी तो उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. ती खड्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

"अंकल, एअर फोर्स?" तिने विचारलं.

"इंडियन. एअरफ्रेम. खूप वर्षं झाली."

तिने पाहुण्यांना अडवणारी दोरी उचलली आणि मला आतल्या बाजूला बोलावलं. ब्रेकच्या नळ्या, तेलाची पातळी, झिजलेला टायर बदलायची खूण, सगळं दाखवलं. मी एक-दोन प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरं दिली. तिच्या नखांतलं काळं तेल पाहून मला फार बरं वाटलं. त्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

जेवण मोठ्या मेसमध्ये होतं. मुसलमानांचं स्वयंपाकघर वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, शाकाहाऱ्यांचे डबे बाजूला. स्टीलच्या ट्रेमध्ये भात, वाटीभर रस्सा, संत्र्याची फोड. चव सैन्याचीच, म्हणजे नसल्यासारखी. समोर कौस्तुभची तुकडी बसली होती. एक बँकेतला, एक वकील, एक टॅक्सी चालवणारा. त्यांचा सार्जंट टॅन हा एरवी बेडोकच्याच हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांत, माशाच्या गोळ्यांचे नूडल्स विकतो. इथे वकील त्याच्यापुढे ताठ उभा राहतो. कौस्तुभला सगळे 'कॉस' म्हणत होते.

"तू कुठल्या विमानावर आहेस?" मी कौस्तुभला विचारलं.

तो ट्रेकडे बघत म्हणाला, "विमानावर नाही, मामा. चला, दाखवतो."

धावपट्टीपासून दूर, तळाच्या एका कोपऱ्यात, सरावासाठी काँक्रीटचा पट्टा केलेला आहे. त्याच्या मधोमध एक मोठा खड्डा होता, जणू बॉम्ब पडून झालेला. कौस्तुभच्या तुकडीचं काम तेच. धावपट्टीवर बॉम्ब पडला तर तो खड्डा बुजवायचा, वर जाड चटई ओढायची, बोल्ट ठोकायचे, आणि विमान उतरेल असं करून द्यायचं.

माझा भाचा खड्डे बुजवत होता. ज्या गणवेशापायी मी बहिणीशी बोलणं टाकलं, तो गणवेश घालून त्याने इतकी वर्षं विमानाला हातही लावला नव्हता.

भोंगा वाजला आणि प्रात्यक्षिक सुरू झालं. सार्जंट टॅनच्या एका हाकेवर खोदयंत्र पुढे आलं, ट्रकमधून खडी पडली, रोलर फिरू लागला. चाळिशीकडे झुकलेली, पोटं सुटलेली ती माणसं एकमेकांकडे न बघता हलत होती. प्रत्येकाला दुसरा कुठे असेल ते ठाऊक होतं. कौस्तुभ गुडघ्यावर बसून काँक्रीटमध्ये भोक पाडायचं यंत्र दाबत होता. खांदा वर, कोपर अंगाशी, यंत्र अगदी सरळ. मी हाताखाली बरीच माणसं शिकवली आहेत. असा हात शिकवून येत नाही.

एवढ्यात पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. लांबून विजेचा इशारा देणारा दुसरा भोंगा वाजला. तिथे विजेचा धोका असला की उघड्यावरचं सगळं काम बंद, असा कडक नियम आहे. टॅनने हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले, यंत्रं बंद केली आणि शेडकडे धावले. मग पाऊस कोसळला. अर्धवट बुजवलेल्या खड्ड्यात पाणी साचू लागलं, चटईचं एक टोक पाण्यात तरंगू लागलं. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते बसकडे निघाले. प्रात्यक्षिक तिथेच संपलं.

शेडमध्ये कौस्तुभ माझ्याशेजारी भिजलेला उभा होता.

"हात चांगला आहे तुझा," मी म्हणालो.

त्याने बाहीने तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाला, "मामा, अठराव्या वर्षी फॉर्मवर चॉइस लिहायचा होता. मी एअर फोर्स लिहिलं. तुम्ही होता म्हणून. मला वाटलं, विमानावर घेतील, मग मी तुम्हाला फोटो पाठवीन." तो थोडा हसला. "मिळालं हे. मग आईला सांगितलं, मामाला काही सांगू नको. खड्डे बुजवतो म्हणून काय सांगणार, ना?"

मी खड्ड्यात साचणाऱ्या पाण्याकडे बघत राहिलो. पावसाचा आवाज मोठा होता, त्याची सबब झाली.

सार्जंट टॅन जवळ आला आणि त्याने कौस्तुभच्या पाठीवर थाप मारली. "अंकल, युअर नेफ्यू व्हेरी गुड वन. नो रनवे, नो प्लेन, राइट?" आणि मग आवाज उतरवून, "हिज मदर हाउ?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याला ते कळलं.

पुन्हा बेडोक

आम्ही घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. रोहाना आमच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. आम्हाला बघून ती उठली. तिच्या हातात किल्ली होती.

"शी गो ऑलरेडी," ती म्हणाली.

कौस्तुभने भिंतीला हात टेकला. रोहाना घाईघाईने म्हणाली, "नो, नो! हॉस्पिस. हॉस्पिस लाह. गाडी आली होती अकरा वाजता."

मग तिने सगळं सांगितलं. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटचे दिवस काढणाऱ्यांची देखभाल करतात तिथे, खाट मिळाल्याचा फोन गुरुवारीच आला होता. सुलूने तो स्वतः घेतला आणि शनिवार सांगितला. घरात राहिली तर एक दिवस मुलाला तिला उचलून खाली न्यावं लागेल, आणि पुढे तो त्या लिफ्टमध्ये, त्या दारात रोज तेच बघत राहील, हे तिला नको होतं. म्हणून तिने आम्हा दोघांना घराबाहेर काढलं. "आय प्रॉमिस हर," रोहाना म्हणाली आणि तिने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. "तिच्यावर ओरडू नका, हां."

आत पलंगावर धुतलेली चादर ताणून घातली होती. औषधांचा ट्रे रिकामा. ओट्यावर झाकलेली दोन भांडी, आमटी आणि भात.

"तिने खुर्चीत बसून सांगितलं, मी केलं," रोहाना म्हणाली. "तिचा निरोप आहे. जेवल्याशिवाय आलात तर भेटणार नाही."

आम्ही तळावर जेवलो होतो. तरी दोघांनी पानं घेतली. आमटीत गूळ फार पडला होता. कौस्तुभ ओल्या गणवेशातच उभ्याउभ्या खात होता. खाता खाता त्याचे खांदे हलू लागले, पण त्याने ताट खाली ठेवलं नाही. मी त्याला आणखी भात वाढला. दुसरं काय करणार?

ती स्वच्छ इमारत

हॉस्पिसला दवाखान्याचा वास नाही. व्हरांड्यात कुंड्या आहेत, माशांची टाकी आहे. चार खाटांच्या खोलीत सुलूची खाट खिडकीशी होती. आम्हाला बघून तिने आधी कौस्तुभकडे पाहिलं.

"रागावलास?"

"हो," तो म्हणाला आणि तिच्या पायाशी बसला.

"रागाव. पण इथेच बस." मग ती माझ्याकडे वळली. "आता सांग. काय काय पाहिलंस?"

मी खुर्ची ओढून सांगायला लागलो. फाटक, बस, हर्क्युलिसचं पोट, पान्यांचा ट्रे, ती मुलगी, वकिलाला हुकूम सोडणारा नूडल्सवाला. ती डोळे मिटून ऐकत होती, मधून हुंकार देत होती. मी खड्ड्यापर्यंत आलो. कौस्तुभ कसा गुडघ्यावर बसला होता, यंत्र कसं सरळ धरलं होतं, ते सांगत असताना तिचा हुंकार थांबला. औषधाने तिला झोप लागली होती.

मी थांबायला हवं होतं. पण तोंडातून शब्द येतच राहिले. जागी असताना जे सांगायचं धाडस झालं नव्हतं, ते मी झोपलेल्या बहिणीला सांगितलं. भाऊजी गेले तेव्हा मी तिला कळवलं होतं की व्हिसा मिळत नाही. मी व्हिसासाठी अर्जच केला नव्हता.

मागून कौस्तुभ म्हणाला, "आईला माहीत होतं, मामा."

मी वळून बघितलं नाही.

"अर्जंट असेल तर लगेच देतात. तिने व्हिसाच्या ऑफिसला फोन करून विचारलं होतं. तुमच्या नावाचं काहीच आलं नव्हतं. तरी आम्ही तीन दिवस बाबांना ठेवलं. आई म्हणत होती, दादा शेवटच्या क्षणी येईल."

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसतं काय झालं ते सांगत होता.

पुढचे पाच दिवस मी रोज बसने तिथे गेलो. सकाळी जायचो, संध्याकाळी कौस्तुभ तळावरून थेट यायचा, मग मी उठून त्याला खुर्ची द्यायचो. सुलू कधी जागी असायची, कधी नसायची. एकदा तिने माझ्याकडून नखं कापून घेतली. एकदा तिला आमच्या वडिलांचं नाव आठवेना, आणि मी सांगितल्यावर ती लहान मुलीसारखी खूश झाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी बुधवारी गेली. दुपारपर्यंत तिथे नवी चादर होती.

शेवटच्या सकाळी सुलू अगदी स्वच्छ जागी होती.

"दादा, त्या खड्ड्याचं पुढे काय झालं?" तिने विचारलं.

"पाऊस आला. अर्धाच राहिला."

"म्हणजे माझा मुलगा दिसलाच नाही तुला नीट."

"दिसला," मी म्हणालो. "सुलू, तेव्हा तुझं बरोबर होतं."

"बरोबर होतं की नाही, मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "मला तेव्हा उत्तर नको होतं रे. तू नुसतं 'अवघड आहे' म्हणाला असतास तरी चाललं असतं."

"अवघड होतं," मी म्हणालो.

"आता काय," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. तो हात टॅक्सीची वेळ होईपर्यंत तिने सोडला नाही. शेवटी मला तो सोडवून घ्यावा लागला. तिची बोटं एकेक करून काढावी लागली.

नाशिक

मी नाशिकला परत आल्यावर तेरा दिवसांनी, दुपारी, सुलू गेली. कौस्तुभ हार्बरफ्रंटहून निघाला होता, पण वाटेतच होता. जवळ रोहाना होती. ती सुलूला जेवण भरवायला म्हणून गेली होती.

मला त्याच संध्याकाळी निघता आलं असतं तर मी निघालो असतो. जमलं नाही, आणि या वेळी ते खरं होतं. पण खरं असूनही ते सांगताना माझी जीभ अडखळली. कौस्तुभ म्हणाला, "ठीक आहे, मामा. आईने वाट बघू नका म्हणून सांगून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने मंडाईहून व्हिडिओ कॉल लावला. मोठी, थंड, कार्यालयासारखी इमारत. शवपेटी खांद्यावर घेऊन चालणाऱ्या सहा माणसांकडे मी बघत होतो. पुढे कौस्तुभ. त्याच्या मागे पांढऱ्या शर्टात नूडल्सवाला टॅन. मग वकील, टॅक्सीवाला. गणवेश कुणाच्याच अंगावर नव्हता, पण पावलं एकत्र पडत होती. काचेपलीकडे पेटी एका गाडीवर ठेवली गेली आणि ती गाडी आपोआप, आवाज न करता, भिंतीतल्या दाराकडे सरकू लागली. रोहाना दुवा मागत ओंजळ उघडी धरून उभी होती.

फोन कुणाच्या तरी हातातून कौस्तुभच्या हातात आला. त्याचा चेहरा अगदी जवळ दिसला.

"मामा, आता काहीतरी म्हणायचं असतं ना? मला येत नाही."

मला सगळं येत होतं. लहानपणापासून पाठ होतं. मी तोंड उघडलं, पण एक अक्षर फुटेना. गाडी दारातून आत गेली, दार बंद झालं. तिकडे कुणीतरी हुंदका दिला. मी फोन दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. आवाज येत नाही म्हणून कॉल तुटला असं त्याला वाटलं असावं.

"मामा?" तो म्हणाला. "मामा, आहेस ना?"

"आहे," मी म्हणालो. "आहे रे."